एका घरात दोन इयत्ता

आईबापांनी फी भरावी, डबा भरून द्यावा, संध्याकाळी शिकवणीला पाठवावे आणि निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर सही करावी. मुलांच्या शिक्षणातील आपले कर्तव्य एवढ्यावर संपले, अशी आज आपल्या समाजातील बहुसंख्य घरांची समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची तर आहेच, पण ती आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्याही विरुद्ध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही केवळ ग्रंथ चाळून बनविलेले नाही. गेल्या जूनपासून आम्ही पतिपत्नी आमच्या दोन मुलांना घरीच शिकवीत आहोत. थोरली सातवीच्या वयाची, धाकटा तिसरीच्या. हा निर्णय घेतल्यापासून मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, आप्तांच्या लग्नकार्यांत आणि भाजीबाजारातही आमची उलटतपासणी होत आली आहे. उत्तरे एकेकाला देत बसण्यापेक्षा ती सर्वांसमक्ष द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यावरील आरोप मुख्यतः चार आहेत. शिक्षकाची पदविका नसलेली माणसे एकाच वेळी दोन इयत्ता कशा शिकविणार, हा पहिला. ज्या ख्रिस्तसभेने आपल्या आजोबांच्या हाती पाटी दिली, तिच्याच शाळांकडे पाठ फिरविणे हा कृतघ्नपणा आहे, हा दुसरा. मुले एकलकोंडी होतील, हा तिसरा. आणि हे सारे कायद्यात बसत नाही, हा चौथा.

पहिल्या आरोपाचे मूळ ‘इयत्ता’ या शब्दात आहे. हा शब्द संस्कृतातला. त्याचा मूळ अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे मोजमाप, मर्यादा. शाळेला शेकडो मुलांची सोय लावायची असते, म्हणून ती मुलांना वयाप्रमाणे वाटते आणि प्रत्येक वाट्याला इतकेच ज्ञान, असे ठरवून टाकते. ही सोय आहे आणि सोय म्हणून तिला आमचा विरोध नाही. परंतु सोयीलाच सिद्धांत मानले, की तिसरीच्या मुलाने सातवीचे काही ऐकू नये आणि सातवीच्या मुलीला तिसरीच्या मुलाकडून शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असे आपल्याला वाटू लागते. घर असे कधीच चालत नाही. घरात एकच दिवा, एकच मेज आणि एकच आई असते.

शिवाय एका शिक्षकाने अनेक इयत्ता शिकविणे हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचून पाहावी. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील, तर तिथे दोन शिक्षक असावेत, असे ती सांगते. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन! म्हणजे एकेका गुरुजींच्या वाट्याला दोन किंवा तीन इयत्ता आल्याच. शिक्षण खाते त्याला बहुवर्ग अध्यापन असे भारदस्त नाव देते आणि डोंगरपाड्यांवरील शिक्षक ते वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आले आहेत. ६० मुलांच्या पाच इयत्ता दोन शिक्षक सांभाळू शकतात हे ज्यांना मान्य आहे, त्यांना दोन मुलांच्या दोन इयत्ता दोन पालक सांभाळू शकतात, हे मात्र पटत नाही. याला काय म्हणावे?

युक्तिवाद पुरेसा नसेल, तर आमचा एक आठवडाच वाचकांपुढे ठेवतो. दिवाळीनंतरचा हा अगदी साधा आठवडा होता.

सोमवारी परसातील केळीचे एक लोंगर उतरविले. धाकट्याचे पाढे चालू आहेत आणि थोरलीला सरासरी शिकायची आहे. लोंगराला आठ फण्या होत्या. धाकट्याने एकेका फणीतील केळी मोजून लिहिली : १६, १६, १५, १४, १४, १३, १२, १२. त्याने बेरीज केली, ११२. थोरलीने त्याला आठाने भागले, १४. ‘पण चौदाच्या फण्या तर दोनच आहेत,’ असे धाकटा म्हणाला. सरासरी म्हणजे काय आणि सरासरी काय नव्हे, हे समजावून देण्याचे काम मग थोरलीवर आले. प्रश्न तिसरीचा होता. त्याने सातवीच्या मुलीला तिची व्याख्या पुन्हा तपासायला लावली. नंतर धाकट्याने त्याच केळ्यांचे डझन पाडले : नऊ डझन आणि वर चार.

मंगळवारी मराठीचे वाचन. धाकटा जोडाक्षरांपाशी अडखळतो. ‘र’ हे अक्षर कधी डोक्यावर, कधी पायाशी का जाते, हे त्याला कळेना. घरी आम्ही सामवेदी बोलतो. पुस्तकाची मराठी त्याला जवळची असली तरी वेगळी आहे. थोरलीने त्याला आचार्य आणि आचारी यांचे जुने उदाहरण दिले. आचार्यांना बोलावले तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाकी येतो. सारा फरक एका ‘र’च्या आकाराचा. धाकट्याला हसू आले आणि नियम लक्षात राहिला. परंतु तो नियम सांगण्यापूर्वी थोरलीला व्याकरणाचे पुस्तक दोनदा उघडावे लागले, हे आम्ही पाहिले. परीक्षेपुरते पाठ केलेले आणि दुसऱ्याला सांगता येईल इतके कळलेले, यांत किती अंतर असते ते अशा वेळी दिसते.

बुधवार कठीण गेला, हेही सांगितले पाहिजे. थोरली समीकरणांत अडली होती आणि धाकट्याला त्या दिवशी कशातच रस नव्हता. एकाकडे लक्ष द्यावे तर दुसऱ्याचे काम थांबे. ‘याला शाळेत घाला,’ असे थोरली रागाने म्हणाली. अखेर रात्री धाकटा झोपल्यावर पाऊण तास केवळ तिला दिला, तेव्हा ती समीकरणे सुटली. दोन इयत्तांच्या घरात थोरल्या मुलाचा एकांत हिरावला जाण्याचा धोका खरा आहे. त्यावर उपाय एकच : रोजचा काही वेळ केवळ तिचा म्हणून राखून ठेवणे. पण कायद्याने सहावी ते आठवीच्या एका शिक्षकामागे ३५ मुले धरली आहेत आणि तास तेवढ्याच मिनिटांचा धरला, तर वर्गातील मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे एक मिनिट येते, हेही विसरू नये. आमच्या घरच्या सर्वांत वाईट दिवशीही थोरलीला पाऊण तास मिळाला.

गुरुवारी दुपारी मुलांना वसईच्या किल्ल्यात नेले. धाकट्याला परिसर अभ्यास, थोरलीला इतिहास. छप्पर उडालेली चर्च पाहून धाकट्याने विचारले, ही कोणी मोडली? थोरलीने त्याला १५३४ चा तह सांगितला, पोर्तुगिजांची २०० वर्षांची सत्ता सांगितली आणि १७३९ ची चिमाजी आप्पांची स्वारी सांगितली. त्यावर धाकटा म्हणाला, ‘मग आपण कोणाच्या बाजूचे?’

वाचकहो, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरातील मुलाच्या मनात कधी ना कधी येतो. वर्गात तो विचारला जात नाही. विचारला तर पुढचा धडा अडतो आणि शेजारच्या बाकावरचे मूल हसते. मग तो मनातच राहतो आणि पुढे न्यूनगंडाचे किंवा पोकळ अभिमानाचे रूप घेतो. आम्ही त्या पडक्या भिंतीच्या सावलीत बसून दोघांना सांगितले, की राज्यकर्ते आले आणि गेले. शेत कसणारे आपले पूर्वज दोन्ही राजवटींत इथेच राहिले. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि भाषाही सोडली नाही. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले आणि १८६२ साली संतपदाला पोहोचले. ते आपले आहेत. आणि ज्या मराठीत शिवरायांचा इतिहास लिहिला गेला, तीही आपलीच आहे. हे उत्तर धाकट्याला कितपत कळले ते ठाऊक नाही. थोरली मात्र परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती. हा धडा कोणत्या इयत्तेचा, ते टीकाकारांनी सांगावे.

शुक्रवारी विज्ञान. धाकट्याला पाण्याची वाफ होते एवढेच शिकायचे होते, थोरलीला द्रावण आणि स्फटिक. एका ताटलीत मिठाचे पाणी घालून ती उन्हात ठेवली. शनिवारी ताटलीत मीठ उरले. धाकट्याच्या दृष्टीने पाणी उडून गेले, थोरलीच्या दृष्टीने मीठ परत आले. वहीत दोन निरनिराळी टिपणे झाली. शनिवारी दोघांनी एकमेकांसाठी प्रश्नपत्रिका काढल्या. उरलेल्या वेळात इंग्रजीचे वाचन झाले, कारण इंग्रजीशी आमचे वैर नाही. रविवारी मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग, जिथे आमची मुले धर्मग्रामातील इतर मुलांबरोबरच बसतात.

आठवड्याची बेरीज आम्ही मांडून ठेवली आहे. बैठकीचा अभ्यास धाकट्याचा ११ तास, थोरलीचा १७ तास. त्यातील सहा तास दोघांचे सामाईक. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला सुमारे चार ते साडेचार तास. आमचे बैठकीचे तास त्याहून कमी भरले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु लोंगर मोजण्यात, किल्ला पाहण्यात आणि ताटलीपाशी खोळंबून राहण्यात गेलेले तास आम्ही या बेरजेत धरलेले नाहीत.

पदविकेचा प्रश्न राहिला. शिक्षकी पेशाविषयी आम्हांला आदर आहे; चांगला शिक्षक जे करतो ते आम्हांला जमणार नाही. पण महाराष्ट्राने घरी शिकलेली माणसे पाहिलेलीच नाहीत काय? पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. नारायण वामन टिळकांनी पत्नीला घरी अक्षरओळख करून दिली आणि त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. या घरांतील गुरूंजवळ कोणती पदविका होती?

आता दुसरा आरोप, कृतघ्नतेचा. तो आमच्या जिव्हारी लागतो, कारण धर्मग्रामाच्या शाळांचे ऋण आमच्याही घराण्यावर आहे. धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी चालविलेल्या शाळा नसत्या, तर शेतकऱ्यांची पोरे कचेरीपर्यंत आणि दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचली नसती. पण ख्रिस्तसभा काय शिकविते, तेही पाहावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणासंबंधी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे प्रतिपादन आहे. दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबावर लिहिलेल्या प्रबोधनपत्रात हा हक्क दुसऱ्या कोणाला पूर्णपणे सोपवून टाकता येत नाही, असे बजावले. शाळा ही आईबापांच्या मदतीला आलेली आहे, असा याचा अर्थ. आज प्रत्यक्षात काय दिसते? घरच शाळेच्या चाकरीला लागले आहे. शाळेने काम द्यावे आणि घराने ते रात्री दहापर्यंत उरकून द्यावे. त्याला ‘गृहपाठ’ म्हणतात. घराचा स्वतःचा असा एकही पाठ त्या गृहपाठात नसतो.

आणि घराला शाळा मानणे ख्रिस्ती परंपरेला परके आहे, असे कोणी म्हणू नये. बाळ येशूची संत तेरेजा साडेआठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेली नव्हती. आई वारल्यावर थोरली बहीण पॉलीन हीच तिला घरी शिकवीत असे. पुढे ती पाच वर्षे बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या शाळेत गेली. १९९७ साली ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद दिले. तिच्या संतपणाचे कारण घरचे शिक्षण, असा उथळ दावा आम्ही करीत नाही. थोरल्या बहिणीने धाकटीला शिकविण्यात कमीपणा नाही, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरा आरोप एकलकोंडेपणाचा. केवळ आपल्याच वयाच्या चाळीस मुलांत दिवस काढणे म्हणजे समाजात मिसळणे, ही कल्पना कोठून आली? ज्या समाजात माणसाला आयुष्य काढायचे असते, त्यात म्हातारे असतात, तान्ही मुले असतात, आजारी माणसे असतात. शाळा मुलांना वयाच्या आडव्या रांगांत बसविते. भाषा, श्रद्धा आणि व्यवसाय मात्र उभ्या धाग्याने खाली उतरतात, आजोबांकडून नातवाकडे आणि थोरलीकडून धाकट्याकडे. नुसत्या आडव्या धाग्यांनी कापड होत नाही. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा आपण काय केले ते आठवावे. भावंडे प्रथमच दिवसभर एकत्र घरी होती. आपण त्यांना दोन कोपऱ्यांत बसविले, कानांत यंत्रे घातली आणि एकाचा आवाज दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मधले दार लावून घेतले. घरात एकच मोबाइल असेल तर त्यावरून भांडणे लावली. तो गृहशिक्षणाचा प्रयोग होता, असे पुष्कळांना वाटते. तो मुळीच तसा नव्हता; इयत्तांचे कुंपण घराच्या आत आणण्याचा तो प्रयोग होता.

या कुंपणाची किंमत आपण मोजू लागलो आहोत. हा अंक ज्या घरांत जातो, त्यांतील किती घरांत तो आजी-आजोबा वाचतात आणि नातवंडे केवळ मुखपृष्ठ पाहून बाजूला ठेवतात? मराठी प्रार्थना तोंडपाठ येते, पण प्रार्थनापुस्तक वाचता येत नाही, अशी मुले आपल्याच चर्चमध्ये बाकांवर बसलेली नाहीत काय? याचा सारा दोष इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. शाळेने इंग्रजी शिकविण्याचे आपले काम केले. मराठी शिकविण्याचे घराचे काम घराने का केले नाही?

चौथा आरोप कायद्याचा. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे २००९ चा कायदा सांगतो, हे खरे. पण त्या कर्तव्यासाठी पालकांना कोणतीही शिक्षा त्याने सांगितलेली नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत जी भर घातली, तीत त्याच वयाच्या मुलांना शिक्षणाची संधी देण्यास पालकांना सांगितले आहे. शाळा हा शब्द तिथे नाही. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची व्यवस्था अशाच मुलांच्या परीक्षा घेत आली आहे. हा कायदा मुलांना मजुरीवरून सोडविण्यासाठी आला, म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो. मुलांना शिकविणाऱ्या घरांबद्दल त्याने स्पष्ट बोलावे, अशी मागणी मात्र आम्ही केल्यावाचून राहणार नाही.

आता दोन शब्द आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही. शाळा म्हणजे तुरुंग, असे म्हणणारा एक सुखवस्तू वर्ग शहरांत निर्माण झाला आहे. त्यांच्या पंक्तीला आम्हांला बसवू नये. ज्या घरात आई आणि बाप दोघेही पहाटेची लोकल पकडतात, त्या घराला शाळेवाचून गत्यंतर नाही. आणि जिथे मुले घरी शिकतात, तिथे हा भार बहुधा एकट्या आईच्या खांद्यावर येतो व त्याला घरकामाचेच दुसरे नाव मिळते, हे सत्य गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. आम्ही कामाच्या पाळ्या वाटून घेतल्या म्हणून हे चालले. बापाने वही हातात न धरता आईकडून शाळा चालवून घ्यावी, असे गृहशिक्षण आम्हांला मान्य नाही.

म्हणून सर्वांनी मुले शाळेतून काढावीत, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही तीन गोष्टी मागतो. प्रत्येक घराने रोज एक तास असा राखावा, की त्यात शाळेचा गृहपाठ नसेल, शिकवणी नसेल आणि सर्व भावंडे एका मेजावर असतील. थोरल्याने धाकट्याला शिकवावे आणि धाकट्याने थोरल्याला प्रश्न विचारावे. आपल्या शाळांनी गृहपाठाचा फास सैल करावा, म्हणजे त्या तासाला जागा होईल. आणि प्रत्येक धर्मग्रामाने सभागृहाचा एक कोपरा वाचनालय म्हणून संध्याकाळी उघडा ठेवावा, जिथे वयाची अट नसेल आणि ज्यांना घरी जागा नाही किंवा शिकविणारे कोणी नाही, अशी मुले मोठ्यांच्या शेजारी बसून वाचतील.

यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, देणगी लागत नाही आणि पदविकाही लागत नाही. आईबापांनी आपले स्वतःचे काम परत हाती घेणे तेवढे लागते. ते काम आपण घेणार नसू, तर आपली भाषा आणि आपली श्रद्धा मुलांपर्यंत पोहोचली नाही, अशी तक्रार पुढे कोणत्याही शाळेच्या दारात नेण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.